वॉशिंग मशीन आणि पाचवा रकाना

चिंचपोकळीच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या राजेश तुळसकरांच्या घरी लोकशाही आहे, ही गोष्ट राजेश तुळसकर स्वतःच सगळ्यांना सांगत असत. घरातल्या बाकी तिघींना ती बाहेरूनच कळायची. 'आमच्याकडे चर्चा केल्याशिवाय कुठलाही निर्णय होत नाही,' हे वाक्य ते लग्नात बोलले होते, बारशाला बोलले होते आणि एकदा तर तेराव्याच्या पंगतीतही बोलले होते. त्यात खोटं काही नव्हतं. चर्चा खरंच व्हायची. निर्णय व्हायचा नाही, एवढंच.

याला त्यांची नोकरी कारणीभूत होती, असं म्हणायला हरकत नाही. फोर्टातल्या एका जहाज कंपनीच्या कचेरीत जावक विभागात त्यांनी सत्तावीस वर्षं काढली होती. तिथे त्यांच्या टेबलावर एक ट्रे असे आणि त्यावर 'विचाराधीन' अशी चिठ्ठी. त्या ट्रेमध्ये पुरेसे दिवस राहिलेला कागद आपोआप निरुपयोगी होतो आणि मग त्यावर विचार करावा लागत नाही, हा शोध त्यांना पहिल्या दोन वर्षांतच लागला. घरी ट्रे ठेवायला जागा नव्हती, म्हणून टीव्हीच्या खाली एक हिरवी फाईल होती. त्या फाईलमध्ये सध्या सगळ्यात वर एक कागद होता. त्यांच्या मुलीला, पूर्वीला, बडोद्याला एम.एस्सी.ला जागा मिळत होती. पालकाची सही करून तो कागद शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत परत पाठवायचा होता, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या नावाला जाणार होती. कागद येऊन आठ दिवस झाले होते आणि शनिवार पंधरा दिवसांवर होता.

पूर्वी बी.एस्सी. गृहविज्ञानाच्या शेवटच्या वर्षाला होती. 'म्हणजे स्वयंपाक शिकायला कॉलेज?' असं कुणी विचारलं की राजेशराव हाताची बोटं मोजत उत्तर देत: आहारशास्त्र, वस्त्रशास्त्र, मानवविकास, संसाधन व्यवस्थापन आणि अंगठ्यावर विस्तार शिक्षण. अंगठा म्हणजे नेमकं काय, हे त्यांना माहीत नव्हतं, पण तोपर्यंत समोरचा माणूस सहसा निघून गेलेला असे. मुलीच्या शिक्षणाचा त्यांना मनापासून अभिमान होता. फक्त ते शिक्षण चिंचपोकळीहून चालत जाण्याच्या अंतरावर संपावं, असं त्यांना वाटत होतं, आणि हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

शेवटच्या वर्षाला एक प्रकल्प असतो. प्रत्येक विद्यार्थिनीने एका कुटुंबाला एक खराखुरा निर्णय घेताना पाहायचं आणि पाच रकान्यांच्या तक्त्यात नोंदवायचं. समस्या ओळखणे, पर्याय शोधणे, पर्यायांचा विचार, पर्यायाची निवड आणि जबाबदारी स्वीकारणे. कुटुंब स्वतःचं चालेल, असं त्यांच्या इरावती मॅडमनी सांगितलं होतं, कारण दुसऱ्याची मुलगी वही घेऊन पंधरा दिवस घरात बसलेली कुठलं कुटुंब खपवून घेणार?

राजेशरावांना हे कळलं तेव्हा ते उभे राहिले. त्यांच्या लोकशाहीची आता विद्यापीठात नोंद होणार होती.

"पहिला रकाना," पूर्वी पेन काढून म्हणाली. "आपल्या घरात सध्या निर्णय घ्यायला हवा अशी समस्या कुठली आहे, बाबा?"

असं म्हणताना तिची नजर टीव्हीच्या खाली गेली. हिरव्या फाईलवर ती एक क्षण थांबली. राजेशरावांनी ती नजर पाहिली, घाईघाईने इकडेतिकडे बघितलं आणि दारातून त्यांना गॅलरीतली दोरी दिसली.

"कपडे," ते म्हणाले. "तुझी आई रोज सकाळी तासभर कपडे धूत बसते. वॉशिंग मशीन घ्यायचं की नाही, ही आपली समस्या."

पूर्वीने ते लिहून घेतलं. वॉशिंग मशीनचा जन्म असा झाला.

पहिली सभा रविवारी सकाळी आठ वाजता ठरली. राजेशरावांनी रीतसर सूचना काढून फ्रिजवर लावली, विषयपत्रिका लिहिली, गणसंख्या तीन ठरवली. सभेला ते स्वतः, पूर्वी आणि त्यांच्या आई शेवंतीबाई हजर होत्या. शेवंतीबाई एकोणऐंशी वर्षांच्या. त्या पाठ फिरवून कुळीथ निवडत होत्या आणि आपण सभेत आहोत हे त्यांना मान्य नव्हतं. म्हणजे गणसंख्येला एक माणूस कमी पडला. चौथी सदस्य, त्यांची बायको दुर्गा, मोरीत होती.

"दुर्गा, सभा सुरू होतेय," राजेशराव म्हणाले.

"तुम्ही करा सुरू, मी ऐकतेय," आतून आवाज आला आणि पाठोपाठ नळ मोठा झाला.

पाणी साडेआठला जातं. तोवर दुर्गा बाहेर येणं शक्य नव्हतं. राजेशरावांनी इतिवृत्तात लिहिलं: 'एक सदस्य कपडे धूत असल्यामुळे वॉशिंग मशीनविषयीची सभा तहकूब करण्यात आली.' पूर्वीने ते वाक्य दोनदा वाचलं आणि तिला ठसका लागला. राजेशरावांना वाटलं, कुळथाची धूळ असेल.

चाळीत भिंती असतात त्या घरं वेगळी करायला. आवाज त्यांच्या कक्षेत येत नाही. दुपारपर्यंत शेजारच्या सीतारामकाकांना सगळं कळलं होतं. सीतारामकाका गिरणीतून निवृत्त झालेले, बहात्तर वर्षांचे, आणि चाळ कमिटीचे सेक्रेटरी. गिरणीत ते साच्यावर, म्हणजे मागावर होते, त्यामुळे फिरणारी कुठलीही वस्तू आपल्या अधिकारात येते असं ते मानत.

"राजा," ते गॅलरीच्या कठड्याला टेकून म्हणाले, "वरून उघडणारं घे. समोरून उघडणारं घेतलंस तर दार उघडायला बाई मोरीबाहेर पाहिजे आणि कपडे घालायला मोरीत."

"पण मोरीत मावेल का?"

"मोरीत कशाला, गॅलरीत ठेव. हितं, खांबाला लागून. जागा काय पडीकच आहे."

राजेशरावांना हे पटलं. त्यांनी लगेच अर्ज लिहिला आणि काकांच्या हातात दिला. काका तो घेऊन आत गेले, सदरा घालून, चष्मा लावून बाहेर आले आणि अर्ज उभ्याउभ्या वाचून म्हणाले, "गॅलरी ही सामाईक जागा आहे. असं कुणालाही मशीन ठेवता येणार नाही."

"काका, तुम्हीच आत्ता सांगितलंत."

"ते शेजारी म्हणून. आता मी सेक्रेटरी म्हणून बोलतोय. खालच्या खोलीवाल्यांचं ना हरकत पत्र आण, आणि मशीन घेतल्याची पावती जोड."

"पण परवानगी मिळाल्याशिवाय मशीन कसं घेणार?"

"आणि मशीन नसताना परवानगी कशाला देऊ?" काकांनी सदरा काढला आणि पुन्हा कठड्याला टेकले. "सेक्रेटरी आडमुठा आहे रे. तू खचू नको."

पूर्वीने हे सगळं दुसऱ्या रकान्यात घातलं. बुधवारपर्यंत दुसऱ्या रकान्यात एकोणीस पर्याय झाले. डिलाईल रोडला राहणाऱ्या राजेशरावांच्या बहिणीने फोनवर तीन दिले. कचेरीतल्या शिपायाने एक दिला, तो लॉन्ड्रीवाल्याचा मेहुणा निघाला. दुसऱ्या मजल्यावरच्या उन्मेषने, ज्याच्या डोक्यावर हे मशीन थरथरणार होतं, विसावा पर्याय दिला: राजेशरावांनी दुसऱ्या मजल्यावर राहायला यावं आणि त्याने तिसऱ्यावर जावं.

तिसऱ्या रकान्यात, पर्यायांचा विचार करताना, मशीन जिन्यावरून वर येईल का, हा प्रश्न निघाला. चाळीचा जिना लाकडी, आणि दुसऱ्या मजल्यावर त्याला एक वळण आहे. सीतारामकाकांनी सुतळीने वळण मोजलं आणि सांगितलं, सुतळीवर भरवसा ठेवू नको, प्रत्यक्ष करून बघ. राजेशरावांनी लालबागच्या एका दुकानातून मशीनचं रिकामं खोकं मागून आणलं. पण रिकामं खोकं वर नेऊन काय समजणार? वजन हवं. तेव्हा काकांनी त्यात जुनी वर्तमानपत्रं, एक पाटा, एक वरवंटा आणि गणपतीच्या मखराचं लाकूड भरलं आणि वरून दोरी आवळली.

शुक्रवारी सकाळी साडेसात वाजता तालीम झाली. वरच्या बाजूला राजेशराव, कचेरीच्या कपड्यात. खालच्या बाजूला काका आणि उन्मेष. पहिला मजला झाला. वळणावर खोकं आडवं केलं, तिरकं केलं, उभं केलं आणि मग ते बसलं. खाली येईना, वर जाईना. राजेशराव वरच्या अंगाला अडकले आणि कचेरी खालच्या अंगाला.

अडीच तास ते तिथेच उभे होते. तेवढ्या वेळात त्यांना कळलं की या चाळीत आपल्याला ओळखणारी माणसं किती आहेत. खालून येणारा प्रत्येक जण आधी 'अभिनंदन' म्हणत होता आणि मग 'कुठलं घेतलं?' असं विचारत होता. खोक्यात पाटा-वरवंटा आहे हे कुणाला सांगायचा धीर राजेशरावांना झाला नाही. उन्मेषच्या आईने खोक्याच्या खालच्या कोपऱ्याला हळदकुंकू लावलं, वर अक्षता टाकल्या आणि पेढे कधी म्हणून विचारलं. शेवटी काकांनी खोकं जिन्यावरच फाडलं. आतून पाटा निघाला तेव्हा बायकांमध्ये जी शांतता पसरली, ती राजेशरावांना पुढे कितीतरी दिवस आठवत होती. ते कचेरीत साडेअकराला पोचले. उशिराच्या नोंदवहीत कारण लिहायचं असतं. त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं: 'वॉशिंग मशीन जिन्यात अडकलं.' साहेबांनी त्यांना बोलावून अभिनंदन केलं.

पूर्वीने कच्चा तक्ता इरावती मॅडमना दाखवला. परत आला तेव्हा त्याच्यासोबत एक छापील कागद होता आणि समासात पेन्सिलीने एक ओळ होती. ओळ अशी होती: 'ही खरी समस्या आहे का? तपासा. समस्या चुकीची ओळखली असं आढळलं तर तसं लिहा, तोही निष्कर्षच असतो. पण चौथा आणि पाचवा रकाना रिकामा ठेवून प्रकल्प स्वीकारला जाणार नाही.' प्रकल्प देण्याची तारीखही तोच शनिवार. प्रकल्प नाही तर निकाल नाही, आणि निकाल नाही तर बडोदं आपोआपच नाही. राजेशरावांच्या हे लक्षात आलं तेव्हा त्यांना हायसं वाटलं. आणि हायसं वाटलं याची त्यांना इतकी लाज वाटली की त्या दिवशी त्यांनी चहा अर्धाच घेतला.

छापील कागदाचं नाव होतं संमतीपत्र. अभ्यासात भाग घेणाऱ्या प्रत्येकाने सही करायची. पूर्वीने तो शेवंतीबाईंच्या पुढे ठेवला आणि मोठ्याने वाचला. 'मी खाली सही करणारी, स्वखुशीने संमती देते की,' इथपर्यंत ती आली आणि शेवंतीबाईंनी कुळथाचं सूप बाजूला सारलं.

बारा वर्षांपासून चाळीत पुनर्विकासवाले येत होते. दरवेळी नवा माणूस, नवा नकाशा आणि एक संमतीपत्र. शेवंतीबाईंचं या विषयातलं ज्ञान एका वाक्याचं होतं, आणि ते त्यांनी आता सांगितलं.

"सही केलंय काय खोली गेली."

"आजी, हे कॉलेजचं आहे."

"आज कॉलेजाचा, उद्या बिल्डराचा. कागद तोच असता."

त्या तशाच उठून गॅलरीत गेल्या. दहा मिनिटांत तिसऱ्या मजल्यावर बातमी झाली की राजेश घरोघर संमतीपत्र फिरवतोय. वीस मिनिटांत दारात अकरा माणसं उभी राहिली आणि त्यांच्या पुढे सदरा घातलेले सीतारामकाका. राजेशरावांनी तासभर कळकळीने समजावलं. गृहविज्ञानाच्या पाचही शाखा सांगितल्या. अंगठ्यावर आल्यावर कुणीतरी विचारलं, "विस्तार म्हणजे? कुणाची खोली वाढवणार?" त्यानंतर त्यांनी बोलणं सोडून दिलं. ज्या चाळीत तीन पिढ्या काढल्या त्या चाळीने आपल्याला बिल्डरचा माणूस म्हणावं, हे त्यांच्या मनाला फार लागलं. पूर्वीने तक्ता आणून सगळ्यांना दाखवला, तेव्हा ज्याने त्याने त्यात आपापलं नाव शोधलं आणि प्रकरण मिटलं. ज्यांचं नाव नव्हतं ते रागावून गेले.

शेवंतीबाई मात्र हटल्या नाहीत. सही नाही म्हणजे नाही. मत हवं तर तोंडी देईन, आणि तेही देवाला विचारून.

"गावाक फोन लाव," त्या राजेशरावांना म्हणाल्या. "रघु गुरवाक सांगतंय कौल लावूक."

गावी रवळनाथाच्या देवळात गुरव देवाच्या दोन्ही खांद्यांना ओल्या फुलांच्या पाकळ्या लावतो आणि प्रश्न विचारतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. तुळसकरांच्या घरची लग्नं, नोकऱ्या, एक ऑपरेशन आणि मुंबईत खोली घेणं, हे सगळं त्याच खांद्यांवरून ठरलं होतं. राजेशरावांनी आधी आक्षेप घेतला, देव हा कुटुंबाचा सदस्य धरता येईल का, याविषयी नियमात काही नाही. मग त्यांच्या मनात आलं, देवाने ठरवलं म्हणजे आपल्याला ठरवायला नको. त्यांनी फोन लावून दिला आणि स्वतः शहाणपणाने पाणी प्यायला उठले, त्यामुळे शेवंतीबाई रघूशी काय बोलल्या ते त्यांनी ऐकलं नाही. देवळात फोन लागत नाही, लागतो तो खाली ओढ्याच्या पुलावर. तेव्हा रघु कौल लावून, पुलावर येऊन मुदतीच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी कळवणार होता.

शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता शेवटची सभा भरली. दुर्गा यावेळी हजर होती, कारण पाणी नव्हतं. पूर्वी तक्ता मांडीवर घेऊन बसली होती. पंधरा दिवसांत ती बडोद्याचं एका शब्दाने बोलली नव्हती. एवढंच की गेले दोन दिवस ती जेवतही नीट नव्हती. सीतारामकाका दारात होते, सदरा घालून की न घालता ते ठरत नव्हतं म्हणून तो खांद्यावर होता. साडेसहाला फोन वाजला. राजेशरावांनी तो स्पीकरवर टाकला.

"आये," रघूचा आवाज आला, मागे कुठेतरी म्हैस ओरडत होती, "झाला काम. उजवो दिल्यान."

राजेशरावांनी समाधानाने श्वास सोडला. "लिही पूर्वी. चौथा रकाना. मशीन घ्यायचं."

"मशीन?" रघु म्हणाला. "खयचा मशीन? माका तर आयेन चेडवाचा सांगलेला. बडोद्याक धाडूचा काय नाय, ता."

फोनवर म्हैस पुन्हा ओरडली.

"आई," राजेशराव म्हणाले, "विषय मशीनचा होता. इतिवृत्तात आहे."

"तुजा इतिवृत्त तू गुंडाळून ठेव," शेवंतीबाई म्हणाल्या. "मशीन धुयत नायतर नाय धुयत. त्याच्यासाठी देवाक उठवूचो? देवाक एकदा त्रास देवचो तर घरातल्या मोठ्या कामाक देवचो. तो कागद थंय टीव्हीखाली आसा, माका काय दिसना नाय?"

"पण आये," पुलावरून रघु प्रामाणिकपणे म्हणाला, "पयल्या खेपेक डावो पडलेलो, ता सांगलंय मा राजेशाक?"

सगळ्यांनी शेवंतीबाईंकडे पाहिलं. त्यांनी कुळथातला एक खडा शांतपणे वेचून बाजूला ठेवला.

"पयल्या खेपेक देवाक नीट आयकाक येवक नाय," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या खेपेक वारो होतो. म्हणान तू कचेरीत आसताना परत फोन करून तिसऱ्यांदा लावूक सांगलंय. देवाकय चेडू कायता शिकता ता समजावून सांगूक व्हया."

सीतारामकाका दारात म्हणाले की हे नियमाला धरून आहे, फेरमतमोजणी होते.

राजेशराव उठले, टीव्हीखालून हिरवी फाईल काढली आणि तो कागद घेऊन तसेच उभे राहिले. काहीतरी बोलायला हवं होतं. सत्तावीस वर्षं विचाराधीन या शब्दावर काढलेल्या माणसाला ऐनवेळी दुसरा शब्द सापडत नव्हता.

"मला नाही म्हणायचं नव्हतं गं," ते शेवटी पूर्वीला म्हणाले. "हो म्हटलं की तू जाशील. म्हणून ठेवला होता नुसता."

"माहीत आहे, बाबा," पूर्वी म्हणाली. "म्हणूनच मी मशीनचं लिहून घेतलं. मला वाटलं, एक निर्णय घ्यायची सवय झाली की दुसरा घ्याल."

राजेशरावांनी खाली बसून सही केली. सही थोडी वाकडी आली. इतक्या वर्षांत कागदावर हातात आल्या आल्या सही करायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती, आणि हाही आठ अधिक पंधरा दिवस उशिराच होता.

"आता मशीनचं," दुर्गा म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. पंधरा दिवसांत ती सभेत पहिल्यांदाच बोलत होती.

"वीस पर्याय झाले, जिना अडला, बिल्डर आला, देव उठला. जी धुते तिला कुणी विचारलं का?" तिने राजेशरावांकडे पाहिलं. "मला धुवायचा त्रास नाही हो. नळ सोडला की घरात मला कुणी हाक मारली तरी ऐकू येत नाही, तेवढा एक तास माझा. त्रास आहे तो पिळायचा. दोन वर्षं झाली, मनगट दुखतं. चादर पिळताना डोळ्यांत पाणी येतं. पिळायला एक माणूस पाहिजे, मशीन नको."

हे सांगायला तिने दोन वर्षं घेतली आणि ऐकायला घरात एक लोकशाही होती, हे राजेशरावांच्या लक्षात आलं.

पूर्वी लिहीत होती. पहिल्या रकान्यात 'कपडे' वर तिने एक आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं: 'समस्या चुकीची ओळखली होती. खऱ्या समस्या दोन.' चौथ्या रकान्यात दोन ओळी भरल्या. मग तिने तक्ता वडिलांपुढे केला.

"पाचवा रकाना. जबाबदारी स्वीकारणे. इथे देवाचं नाव चालणार नाही, मॅडमनी सांगितलंय."

राजेशरावांनी पेन घेतलं आणि दोन्ही ओळींपुढे आपलं नाव लिहिलं. शेवंतीबाईंनी तक्ता डोळ्यांजवळ धरून पाहिला, बिल्डरचं नाव कुठे नाही याची खात्री केली आणि स्वतःहून पेन मागून खाली अंगठ्याएवढी मोठी सही ठोकली.

प्रकल्पाला चांगले गुण मिळाले. इरावती मॅडमनी शेवटी शेरा लिहिला की कुटुंबातील निर्णय पुरुषप्रमुखाच्या अध्यक्षतेखाली, पण त्याच्या अनुपस्थितीत होतात, हे निरीक्षण उत्तम. राजेशरावांनी तो शेरा कुणाला दाखवला नाही. चाळीत तो सगळ्यांना पाठ होता.

जूनच्या शेवटी पूर्वी बडोद्याला गेली. तिची बॅग जिन्याच्या त्या वळणावर काकांच्या देखरेखीखाली नीट उतरली. आता रोज सकाळी आठला, दुर्गा मोरीत धूत असतानाच, राजेशराव बनियनवर गॅलरीत उभे राहतात आणि बादलीतला एकेक कपडा पिळून दोरीवर टाकतात. पहिल्या आठवड्यात येणारे-जाणारे थांबून बघायचे. लाज वाटू नये म्हणून राजेशराव भिंतीकडे तोंड करून पिळायचे. सीतारामकाका कठड्याला टेकून सूचना देत. "अरे राजा, चादर अशी नाही, दोन्ही टोकं उलटी फिरव. गिरणीत असतास तर पहिल्या दिवशी नोकरी घालवली असतीस." दुर्गा मोरीतून बाहेर आली की दोरीवरचा एखादा कपडा परत द्यायची, यात अजून पाणी आहे म्हणून. त्याच्यावर त्यांनी कधी चर्चा केली नाही.

एका रविवारी बादलीच्या तळाशी पूर्वीचा कॉलेजचा पांढरा ॲप्रन निघाला. प्रात्यक्षिकाला घालायचा, खिशावर तिचं नाव शिवलेला. इथला जुना म्हणून ती ठेवून गेली होती. मागच्या रविवारीही तो बादलीत होता, त्याच्या मागच्याही. महिना झाला, तो कुणी अंगात घातला नव्हता. राजेशरावांनी मोरीकडे पाहिलं. नळ जोरात चालू होता, त्यामुळे विचारून ऐकू गेलं नसतं, आणि विचारण्यासारखं त्यात काही नव्हतंही.

त्यांनी ॲप्रन बेताने पिळला, झटकला, दोरीवर टाकून खिसा सरळ केला. सीतारामकाका शेजारी उभे होते. न वापरलेला स्वच्छ कपडा कशाला धुता, हे विचारायला त्यांनी तोंड उघडलं. मग ते मिटलं आणि हातातला चिमटा पुढे केला.